मामांच्या वाटणीचं मशीन

आता म्हणे हे सगळं मोबाईलवर होतं. कंपनीचे रोखे घ्यायचे तर घरबसल्या अंगठा दाबायचा, की झालं. आमच्या वेळी तो अंगठा म्हणजे मी होतो. राहुरीच्या एसटी स्टँडसमोर, चहाच्या टपरीला लागून एक टेबल, टेबलावर कंपन्यांचे रंगीत फॉर्म आणि टेबलामागं मी. झोळीत इतके फॉर्म असायचे, की कंडक्टर मला एक आणि झोळीला एक अशी दोन तिकिटं फाडायचा. उन्हाळ्यात गठ्ठा डोक्यावर घेतला, तर मागून चार माणसं सावलीला चालायची. मुदत संपलेले फॉर्म पेठेतल्या बायका फडताळात अंथरायच्या. कागद असा गुळगुळीत, की झुरळ घसरून खाली पडायचं. यातलं तुम्ही निम्मं कमी करून घ्या, माझी हरकत नाही. मामांच्या मशीनचं मात्र आहे तसंच घ्यावं लागेल.

नव्वदच्या पुढची ती वर्षं. शेअरांचा ताप येऊन उतरला होता. हात पोळलेली माणसं 'नक्की व्याज' शोधत होती आणि मी ते विकत होतो. डिबेंचर म्हणजे काय, तर कंपनीनं तुमच्या-आमच्याकडून काढलेलं कर्ज. व्याजाचा दर छापलेला, परत कधी देणार तेही छापलेलं. मला शंभरामागं दीड रुपया सुटायचा. त्यातले आठ आणे मी गिऱ्हाइकाला परत द्यायचो आणि देताना चेहरा असा करायचो, की जणू काळजाचा तुकडा काढून देतोय.

माझे मामा कृषी विद्यापीठाच्या फार्मवर ट्रॅक्टर चालवायचे. त्यांनी मारलेल्या नांगराच्या तासाला दोरी लावून बघितली, तर दोरीच वाकडी निघायची. बोलणं कमी, काम सरळ. ते रिटायर झाले तेव्हा फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून सव्वा लाख हातात आले आणि तीन महिन्यांत क्वार्टर सोडायचं पत्रही आलं.

मामीला एकच गोष्ट हवी होती, स्वतःचं घर. त्यात मिरवायची हौस नव्हती. क्वार्टर सुटणार म्हणून दोघं खोली बघत फिरत होते. घरमालकीण आधी नळाला पाणी किती वेळ येतं ते सांगायची, मग भाडं सांगायची, मग हसत हसत विचारायची, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं, की खोली कालच कुणाला तरी दिलेली निघायची. मामी घरी येऊन चपला काढता काढता म्हणायची, "राहुरीतल्या समद्या खोल्या एकाच दिवशी गेल्या बघ."

कालव्याच्या अंगाला मामांनी दीड गुंठा जागा आधीच घेऊन ठेवली होती. हातातल्या पैशात तिथं पत्र्याच्या दोन खोल्या आणि मोरी सहज उठली असती. मामीचं तेच म्हणणं होतं. मामाही त्याच मताचे होते. गवंड्याशी बोलणंसुद्धा झालं होतं. तेवढ्यात मी झोळी घेऊन पोचलो.

"मामी, पत्र्याचं घर?" मी म्हणालो. "उन्हाळ्यात आत भाकरी ठेवली तर चुलीशिवाय भाजंल. तीन वर्षं दम धर. अठरा टक्के व्याज. तीन वर्षांनी स्लॅब टाकू. वर गच्ची, गच्चीवर तुझे पापड."

"मला पापड नकू," मामी म्हणाली. "मला दार पायजे. माझं मी लावायचं, माझं मी उघडायचं."

"तीन वर्षांनी सागवानी दार!"

मी त्या दिवशी काय बोललो! आवाज ऐकून शेजारच्या क्वार्टरमधला माणूस बनियनवर बाहेर आला आणि त्यानंही पाच हजारांचा फॉर्म भरला. हे खरं आहे. मामा मात्र पाटावर बसून फॉर्मचं पान न पान वाचत होते. शेवटी बोट ठेवून म्हणाले, "हितं 'सुरक्षित' लिवलंय. तारण काय हाय?"

"कंपनीच्या फॅक्टरीवर, यंत्रांवर तुमचा बोजा, मामा. सातबाऱ्यावर चढवतात तसा."

"कोनतं यंत्र?"

आता आमच्याकडची रीत अशी, की गहाण म्हटलं की वस्तू पैसे देणाऱ्याच्या घरात येते. हंडा गहाण पडला, तर तो त्याच्या मोरीत जाऊन बसतो आणि काठावर देणाऱ्या-घेणाऱ्या दोघांनाही ओळखू येईल अशी खूण कोरली जाते. जी वस्तू डोळ्यांनी बघितली नाही, जिच्यावर खूण नाही, ती गहाण पडलीच नाही. मामांनी आयुष्यात दोनदा गहाण बघितलं होतं, दोन्ही वेळा हंडा आमचा होता. या खेपेला पैसे त्यांचे होते. हक्कानं विचारत होते.

शहाण्या एजंटानं त्यांना बसवून समजावलं असतं. डिबेंचरचं तारण हजारो लोकांचं मिळून असतं, त्याला एक विश्वस्त असतो, यंत्र कुणाच्या नावाचं नसतं. मी म्हणालो, "चला, दाखवतो."

कंपनी पुठ्ठ्याची खोकी बनवायची. फॅक्टरी पारनेर तालुक्यात, नगर-पुणे रस्त्याच्या कडेच्या माळावर. राहुरीहून नगर, नगरहून पुण्याची गाडी, आणि मग ड्रायव्हरच्या हातापाया पडून मधेच उतरायचं. माळावर वारा असा, की मामांची टोपी उडाली ती माझ्या अंदाजानं अजून शिरूरच्या पुढं कुठंतरी असेल. आत एक साहेब भेटले. टाय, चष्मा, तोंडात बडीशेप. मी त्यांना बाजूला घेऊन मामांचा प्रश्न सांगितला. ते पोट धरून हसले आणि लगेच गंभीर चेहरा करून मामांपुढं आले.

"काका, या. तुमचं मशीन दाखवतो."

लांबलचक शेड. पुठ्ठ्याचा वास, खडखडाट. साहेबांनी एका हिरव्या मशीनवर थाप मारली. पुठ्ठा कापायचं मशीन, ट्रॅक्टरएवढं, चालू.

"हे तुमच्या वाटणीचं."

मामांनी मशीनला एक फेरी मारली. खाली वाकून बघितलं. बेअरिंगला कान लावला. चालवणाऱ्या पोराला म्हणाले, "ग्रीस कमी पडतंय हितं."

"आजोबा, हात मागं घ्या. बोटं जातील."

"माझंच हाय रं ते," मामा म्हणाले.

साहेबांनी माझ्याकडं बघून डोळा मारला. मीही मारला. मामांनी खिशातून किल्ली काढली आणि मशीनच्या पायाशी, रंगावर, आपल्या नावाचं पहिलं अक्षर कोरलं. मग डायरीत मशीनचा नंबर लिहून घेतला. येताना एसटीत ते इतके खूष होते, की त्यांनी माझं तिकीट काढलं. पुढच्या सोमवारी सव्वा लाखाचा ड्राफ्ट निघाला. माझे त्यातले किती सुटले ते मला अजून पाठ आहे.

मामा-मामींना शेवटी पेठेत एक खोली मिळाली. म्हातारी मालकीण अर्धवट ऐकायची, तिनं आडनाव विचारलंच नाही आणि यांनी सांगितलं नाही. निळ्या कोटातला फोटो मामीनं पेटीत ठेवला. चाळीस वर्षांत पहिल्यांदा तो भिंतीवरून उतरला. सहा महिन्यांनी व्याजाचा पहिला लिफाफा आला, त्यावर मामांचं पूर्ण नाव टाईप केलेलं. पोस्टमननं तो मालकिणीच्या मुलाच्या हातात दिला. त्या लिफाफ्यानं व्याज आणलं आणि खोली घालवली. महिनाअखेरीला ते पिठाच्या गिरणीमागच्या एका शेडमध्ये गेले. भिंती पांढऱ्या, भांडी पांढरी, मामांच्या भुवया पांढऱ्या. मामी म्हणायची, "हितं कुनी आडनाव इचारत न्हाई, कुनाला आमी दिसतच न्हाई."

तिनं एक काम मात्र चालू केलं. दर रविवारी ती जागेवर जायची आणि कालव्याकाठचे दगड उचलून घराचा आराखडा मांडायची. ही पुढची खोली, हा सैपाक, ही मोरी, इथं दार. दार तिनं चारदा हलवलं. मी एकदा गेलो, तर दगड ओलांडून सरळ आत शिरलो.

"दारातनं ये की," ती ओरडली. "भिंतीतनं कुठं घुसतोस?"

मी मागं जाऊन दारातून आलो. तिनं मला मोकळ्या रानात बसवून डब्यातला चिवडा दिला.

तिसऱ्या वर्षी मुदत भरली. पैसे परत घ्यायला डिबेंचरच्या कागदामागं रेव्हेन्यू स्टॅम्प लावून सही करायची आणि कागद कंपनीकडं पाठवायचा, असा नियम. मामांनी तो कागद आणला, तर तो लॅमिनेट केलेला! गिरणीतल्या पिठानं खराब होईल, म्हणून स्टँडवरच्या दुकानात जाऊन त्यांनी दोन्ही बाजूंनी जाड प्लास्टिक चढवलं होतं. आता त्यावर ना स्टॅम्प चिकटे ना शाई टिके. मी आणि मामा टपरीवर चहाच्या किटलीच्या वाफेवर तो कागद धरून दाढीच्या ब्लेडनं प्लास्टिक सोलत बसलो. अर्धं गाव बघायला जमलं होतं. टपरीवाल्यानं त्या दिवशी दोनशे चहा विकले. कागदाचा वरचा पापुद्रा निघाला, एका कोपऱ्यातला नंबर गेला. तरी सही करून, रजिस्टरनं पाठवला.

पैसे आले नाहीत.

ते येणार नाहीत, हे मला ठाऊक होतं. मुदत भरायच्या आधीच मला फॉर्म पुरवणाऱ्या पुण्याच्या दलालानं एसटीडीवर सांगितलं होतं, की कंपनीनं सगळ्यांचंच व्याज थांबवलंय, नवीन फॉर्म विकू नकोस. मी फोन ठेवला, बूथवाल्याला पैसे दिले आणि कुणाला काही बोललो नाही. माझी साठ-सत्तर गिऱ्हाइकं त्या कंपनीत होती. स्टँडसमोर टेबल मांडून बसणाऱ्या माणसानं कुठं लपायचं?

महिन्यानं मामा टेबलापाशी आले. उभेच राहिले.

"माज्या त्या प्लास्टिकनं घोळ केला का रं?"

आयुष्यात मी हजार थापा मारल्या. कुणाच्या मारुतीची शेपटी वाढवली, कुणाच्या विहिरीत मासे घातले. त्या सगळ्या हसायच्या होत्या. ही एकच थाप मी अगदी साध्या आवाजात मारली.

"व्हय, मामा. त्याच्यामुळंच अडलंय."

ते खाली मान घालून म्हणाले, "चुकलंच माजं."

पुढं पाच महिने मामा ती चूक निस्तरत होते. नगरला जाऊन स्टॅम्प पेपर आणला. कागद खराब झाल्याचं प्रतिज्ञापत्र केलं. नोटरीपुढं उभे राहिले. दुसरी प्रत द्यावी म्हणून कंपनीला तीन अर्ज केले, तिन्ही माझ्याकडून लिहून घेतले. मी लिहून दिले, सुवाच्य अक्षरात. मामी त्यांना घालून पाडून बोलायची. "शानपना करून प्लास्टिक चढवलं. घर प्लास्टिकात घालून ठिवलं मान्सानं." मामा ऐकून घ्यायचे. मी समोर बसून चहा प्यायचो.

मग एका बाजाराच्या दिवशी माझ्या टेबलावर माझं दुसरं एक गिऱ्हाईक, रिटायर हेडमास्तर, आले. मामा तिथंच बाकावर चौथा अर्ज लिहून घ्यायला बसले होते.

"काय हो एजंट," हेडमास्तर ओरडले, "ती खोक्यांची कंपनी बंद पडून वर्ष होत आलं. आमच्या पैशांचं काय?"

"सर, बघतो ना. बसा, चहा घ्या."

"दिवाळीतही हेच म्हणालात. चहा घ्या! सव्वा रुपयाच्या चहात वीस हजार बसवताय होय?"

ते गेले. मामा बाकावरून उठले नाहीत. तिथूनच म्हणाले, "तुला कवा कळलं?"

"आत्ताच, मामा. तुमच्यासमोर."

त्यांनी मान हलवली. दिवाळी होऊन चार महिने झाले होते. ते त्यांना मोजता येत होतं. अर्जाचा कोरा कागद त्यांनी घडी घालून खिशात ठेवला आणि म्हणाले, "टेम्पो बघ एक. मशीन आनू."

मी त्यांना तेव्हा तरी सांगायला हवं होतं. मी टेम्पो बघितला.

साखर कारखान्यात हमालीला असलेले माझे दोघं चुलतभाऊ, दोरखंड, दोन पहारी, ट्रॅक्टरचा जॅक. मामा पुढं ड्रायव्हरशेजारी, मांडीवर डायरी. डायरीत मशीनचा नंबर. मी मागं हौद्यात. सकाळी निघालो, दुपारच्या उन्हात माळावर पोचलो. गेटला कुलूप, कुलपाला लाखेचं सील, वर पाटी: ही मालमत्ता बँकेच्या ताब्यात आहे. आत एक वॉचमन खाटेवर बिडी ओढत होता. टेम्पो, पहारी, जॅक बघून तो उठलासुद्धा नाही.

"मशीन न्यायला का?"

मामा चकित झाले. "व्हय. तुमाला कसं कळलं?"

"तुमच्या आदी तिघं येऊन गेले, काका. एक श्रीगोंद्याचा, बैलगाडी घेऊन आल्ता. एक बाई व्हती संगमनेरची, पोरं घेऊन. हिरवं मशीन ना? पुठ्ठा कापायचं?"

"हिरवंच," मामा म्हणाले. "माज्याकडं नंबर हाय."

"साहेब समद्यांना तेच दावायचा. लई हसायचा मागनं. या, खिडकीतनं बघा."

शेडच्या मागच्या बाजूला खिडकीची काच फुटली होती. मामा टाचा उंचावून उभे राहिले. मी मागून बघितलं. हिरवं मशीन बंद, त्यावर पुठ्ठ्याची धूळ. आणि पायापासून वरच्या पट्टीपर्यंत रंग खरवडून कोरलेली अक्षरं. कुणाचं पहिलं अक्षर, कुणाचं पूर्ण नाव, कुणी गावाचं नाव घातलेलं. एकानं तर नांगर कोरला होता. मला ती शंभरेक वाटली, पण मी आकडे वाढवणारा माणूस, वीसेक असतील. वीसच पुरेत.

मामा एक एक अक्षर मोठ्यानं वाचत होते. आपलं सापडलं तेव्हा थांबले.

"बँकेनं काय दिल्तं यांना?" त्यांनी वॉचमनला विचारलं.

"कर्ज. कंपनी निगाली तवापासूनचं."

"म्हंजी पयला बोजा बँकेचा," मामा म्हणाले. "आमी मागचं." सातबारा वाचता येणाऱ्या माणसाला आणखी काही समजवावं लागलं नाही. मी तीन वर्षं जे लपवून विकलं, ते त्यांना एका फुटक्या खिडकीतून कळलं.

परत येताना ते पुढं बसले नाहीत. हौद्यात, रिकाम्या दोरखंडावर, माझ्यासमोर बसले.  नगर गेल्यावर म्हणाले, "ग्रीस न्हाई घातलं त्याला कुनी. गंजलं." मला एक शिवी दिली असती, तर मी आज हे लिहीत बसलो नसतो.

दीड महिन्यानं, गिरणीमागच्या नळावर पाणी भरताना, मामांची डावी बाजू गेली. नगरच्या दवाखान्यात बावीस दिवस. जीव राहिला, हात-पाय आणि निम्मी वाचा गेली. बिल भागवायला विकण्यासारखं एकच होतं. मी मामीला म्हणालो, माझं टेबल विकतो, सायकल विकतो, तुम्ही दोघं माझ्या घरी चला. मामांनी तिला माझ्याबद्दल काय सांगितलं होतं, सांगितलं होतं की नाही, मला आजही ठाऊक नाही. ती एवढंच म्हणाली, "तुज्या घरी नकू."

दीड गुंठा एका नवीन लागलेल्या शिक्षकानं घेतला. राहुरीच्या निबंधक कचेरीत मामी बाकावर बसली होती. मामांचं मुखत्यारपत्र तिच्याकडं. साक्षीदार म्हणून मी. साक्षरतेच्या वर्गात शिकलेली सही तिनं पानापानावर केली, प्रत्येक अक्षर वेगळं, सावकाश. कारकून खोळंबून पेन आपटत होता. सह्या झाल्यावर शिक्षक उठायला लागले, तशी ती म्हणाली, "गुरुजी, थांबा वाईच."

"बोला ना, आजी."

"जागेवर मी दगडं मांडल्यात. पाया खांदंपर्यंत हलवू नका. रस्त्याकडनं दार काढू नका, उन्हाळ्यात कालव्याच्या रस्त्यावरनं धूळ येती लई. पलीकडनं काढा, मी ठिवलंय तिथनं. सैपाकाला खिडकी मोठी घ्या, मंडळीला वारं लागंल. आन् मोरीचा उतार बाभळीकडं."

गुरुजी भले माणूस होते. त्यांनी खिशातून कागद काढला आणि खरंच लिहून घेतलं. दार, खिडकी, उतार. मग घडी घालत सहज विचारलं, "आजी, तुम्ही आता राहता कुठं?"

गिरणीवाल्यानं आजाऱ्याची कटकट नको म्हणून शेड खाली करायला सांगितलं होतं. त्याला चार दिवस झाले होते.

"खोली बघतोय," मामी म्हणाली.